प्रिंटचा पांढरा मेलेला दिसतोय? हायपोला दोष देण्याआधी हे तपासा

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे आपण एकाच दुखण्याबद्दल बोलतोय की नाही ते कळेल.

प्रिंट कृष्णधवल, फायबर पेपरवरची. काळा दणकट, करडे टोन जिथल्या तिथे, पण पांढऱ्यात जीव नाही. कोऱ्या कडा दुधासारख्या हव्यात, त्या सायीसारख्या दिसतात. रात्री एलईडीच्या उजेडात प्रिंट ठीक वाटली होती, सकाळी गॅलरीत नेली आणि शेजारच्या प्रिंटपुढे उतरलेली दिसली. कधी एकाच डब्यातल्या, एकाच दिवशी केलेल्या दोन प्रिंटांत एक उजळ आणि एक मळकट निघते. कधी प्रिंटच्या कोपऱ्यात चंद्रकोरीएवढाच भाग उजळ राहतो. आणि कधी वर्ष-दोन वर्षं टांगलेली फ्रेम उघडली की माउंटखाली, म्हणजे फ्रेममधल्या खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याखाली, झाकलेली कड पांढरी आणि उघडा भाग पिवळसर दिसतो.

प्रिंट सगळी करडी, धुरकट झाली असेल किंवा तपकिरी डाग पडले असतील तर दुखणं वेगळं आहे. त्याबद्दल खाली थोडक्यात लिहिलंय.

मी नागपूरच्या महाल भागात एका जुन्या वाड्याच्या मागच्या खोलीत डार्करूम चालवतो. एप्रिल लागला की ही तक्रार घेऊन कुणी ना कुणी येतंच, आणि येताना नवा हायपो (प्रिंट पक्की करणारा फिक्सर), नवा डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण), कधी पेपरचा नवा डबाही विकत घेऊन येतं. फायबर पेपरचा डबा आज किती महाग झालाय ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून कळकळीनं सांगतो, पैसे खर्च करायच्या आधी हे वाचा. बहुतेक वेळा पेपर पिवळा पडलेलाच नसतो. त्याच्यातून येणारा निळा उजेड कमी झालेला असतो.

आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना आधी नीळ देत, मग टिनोपाल आलं. दोघांचं काम एकच वाटतं, पण रीत अगदी वेगळी. नीळ म्हणजे निळा रंग. तो कापडाचा पिवळेपणा झाकतो, पण थोडा उजेडही खातो. म्हणून नीळ जास्त झाली की धोतर निळसर करडं दिसतं. टिनोपाल हे ऑप्टिकल ब्राइटनर. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण, साधारण ३४० ते ३७० नॅनोमीटरचे, ते शोषून घेतं आणि ती ऊर्जा ४२० ते ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड म्हणून बाहेर टाकतं. त्यामुळे कापड नुसतं स्वच्छ नाही, झगझगीत दिसतं. १९२९ मध्ये पॉल क्राइस या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं हॉर्स चेस्टनटच्या झाडातल्या एस्क्युलिन या द्रव्यानं हा परिणाम दाखवला होता. फोटोच्या पेपरात अशी द्रव्यं १९५०च्या दशकापासून येऊ लागली.

फायबर पेपरात खाली कागद, त्यावर बेरियम सल्फेटचा बॅराइटा थर आणि त्यावर इमल्शन, म्हणजे चित्र धरणारा जिलेटिनचा थर, असतो. या थरांतला ब्राइटनर बराचसा पाण्यात विरघळणारा. आरसी पेपरात, म्हणजे प्लॅस्टिक चढवलेल्या पेपरात, तो मुख्यतः त्या प्लॅस्टिकच्या थरात अडकलेला असतो, धुण्यानं फारसा जात नाही. म्हणून ही तक्रार फायबरवाल्यांची. काही वॉर्मटोन पेपरांत ब्राइटनर मुद्दामच कमी ठेवतात किंवा घालतच नाहीत. त्यांचा पांढरा सायीसारखाच असायला हवा. डब्यावर वॉर्मटोन लिहिलं असेल तर तपासणी इथेच संपली.

पहिली तपासणी फुकटची: उजेड बदला

दोन्ही प्रिंट, चांगली आणि मळकट, आधी घरातल्या पांढऱ्या एलईडीखाली शेजारी ठेवा. मग सकाळी नऊ-दहाला गॅलरीत, सावलीत, उन्हाच्या थेट झोताबाहेर ठेवा. घाई करू नका, डोळ्यांना एक मिनिट द्या.

साध्या पांढऱ्या एलईडीच्या उजेडात अतिनील किरण जवळपास नसतात. ब्राइटनर असो वा नसो, त्याखाली तो पेटतच नाही, म्हणून दोन्ही प्रिंट सारख्या दिसतात. दिवसाच्या उजेडात अतिनील भरपूर, तिथे फरक उघडा पडतो. तेव्हा एलईडीखाली सारख्या आणि गॅलरीत वेगळ्या दिसल्या, तर दोष ब्राइटनरचा. दोन्हीकडे एक प्रिंट पिवळीच दिसली, तर तो खरा डाग, कारण डाग कुठल्याही उजेडातला निळा खातो. मग रसायनांकडे वळायचं.

या एका तपासणीत निम्मा घोळ सुटतो, आणि हीच कुणी करत नाही. डार्करूममधून बाहेर आलं की आपण बल्बखाली प्रिंट बघतो, खूश होतो, झोपतो.

शेजारी काय ठेवलंय?

प्रिंट झेरॉक्सच्या कागदावर ठेवून पारखू नका. त्या कागदात ब्राइटनर इतका ठासून भरलेला असतो की त्याच्यापुढे कुठलाही फायबर पेपर पिवळा दिसेल. फ्रेमच्या दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच पांढऱ्या माउंट बोर्डांचंही तेच. धरमपेठेतली एक ताई वीस प्रिंटांचा संच घेऊन आली होती, सगळ्या ‘खराब झाल्या’ म्हणून. बोर्डाची खिडकी काढून मी त्याच प्रिंट काळ्या चार्टपेपरवर ठेवल्या आणि पांढरा परत आला. प्रिंट पहिल्यापासून चांगल्याच होत्या. नवे माउंट ब्राइटनर नसलेल्या सुती बोर्डाचे कापून घेतले, तेवढंच.

तुलना करायची तर साक्षीदार तुकडा करून ठेवा. नवा डबा उघडला की सेफलाइटखाली (डार्करूमच्या पेपरला न बाधणाऱ्या मंद दिव्याखाली) एक पट्टी कापायची, उजेड न दाखवता नेहमीच्या वेळेपुरती डेव्हलपर, स्टॉप, हायपोतून काढायची, कमीत कमी धुवायची, वाळवायची. मागे पेन्सिलनं तारीख आणि डब्याचा बॅच क्रमांक लिहून काळ्या पाकिटात ठेवायची. तुमच्या पेपरचा खरा पांढरा कसा असतो ते पुढची दोन वर्षं ती पट्टीच सांगेल.

फ्रेम लावलेली असेल तर काच काढून बघा. साधी काच अतिनीलचा बराच भाग आत जाऊ देते, पण अतिनील अडवणारी काच किंवा अ‍ॅक्रिलिक लावलं की ब्राइटनर आत झोपलेलाच राहतो. यात प्रिंटचं काही बिघडलेलं नसतं. उलट प्रिंट टिकायला ती काच चांगली. फक्त पांढरा थोडा मवाळ दिसणार हे धरून चाला.

टॉर्च

आता काही शे रुपयांचा खर्च. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, नोटा तपासायचे अतिनील दिवे आणि टॉर्च मिळतात. घेताना ३६५ नॅनोमीटरचा मागा. ३९५चा स्वस्त टॉर्च इतका जांभळा उजेड टाकतो की त्यातच सगळं बुडून जातं. टॉर्चकडे थेट बघू नका, आणि पोरांच्या हातात देऊ नका.

खोली अंधारी करा. प्रिंटच्या एका बाजूला झेरॉक्सचा कागद ठेवा आणि दुसऱ्या बाजूला खिशातली एखादी नोट. नोटेच्या कागदात ब्राइटनर नसतो, म्हणून ती काळोखी राहते; फक्त तिचा क्रमांक आणि कागदातले बारीक तंतू चमकतात. झेरॉक्सचा कागद निळा भडकतो. हे दोन टोकांचे माप झाले. तुमची प्रिंट आणि साक्षीदार पट्टी त्यांच्यामध्ये कुठे बसते ते बघा.

पट्टी चांगली चमकतेय आणि प्रिंट सगळीकडे सारखी मंद, तर ब्राइटनर धुण्यात गेला. चमक असमान असेल तर प्रिंट धुताना एकमेकींना चिकटल्या होत्या. मागच्या मे महिन्यात मी स्वतः एका प्रदर्शनासाठी आठ प्रिंट एकाच टबात धुतल्या. त्यातल्या एकीवर टॉर्च मारला तर सगळी प्रिंट विझलेली आणि उजव्या कडेला नखाएवढ्या रुंदीची स्वच्छ निळी कोर. तिथे वरची प्रिंट तासभर चिकटून बसली होती, पाणी पोचलंच नव्हतं. ती कोर दिवसा नुसत्या डोळ्यांना मला आधी दिसली नव्हती. टॉर्चनंतर मात्र दरवेळी दिसायला लागली. आणि जिथे पाणी पोचलं नाही तिथे हायपोही उरला असणार, म्हणजे त्या प्रिंटचा सगळ्यात उजळ भागच सगळ्यात कच्चा होता. ती मी पुन्हा केली.

माउंटच्या खिडकीएवढा चौकोन मंद आणि भोवतीची झाकलेली पट्टी उजळ असेल, तर ब्राइटनर उजेडानं जळालाय. ऊन येणाऱ्या भिंतीवर हे होतंच.

आणखी एक नमुना आहे, तो नीट लक्षात ठेवा. प्रिंटपेक्षा जास्त चमकणारे ओघळ, ठिपके, बोटांचे ठसे. ते ब्राइटनर गेल्याचे नाहीत, बाहेरून आल्याचे आहेत. कपडे धुण्याच्या बहुतेक पावडरींमध्ये ब्राइटनर असतोच. माझ्याकडे शिकणारी एक मुलगी ओल्या प्रिंट सुती पंच्यावर पालथ्या घालून टिपायची. पंचा घरच्या पावडरीत धुतलेला, नीट न खंगाळलेला. टॉर्चखाली प्रिंटच्या कोऱ्या कडेवर पंच्याची वीण उमटलेली, ताणा आणि बाणा वेगळे मोजता येतील इतकी स्पष्ट. तेव्हापासून माझ्या खोलीत ट्रे, टब, कापड यांना पावडर लावत नाही. गरम पाणी आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. हट्टी डागाला खायचा सोडा.

धुणं: इथेच खरा बिघाड

आपल्याला शिकवलेलं असतं की फायबर पेपर जितका धुवाल तितका टिकेल. म्हणून लोक तासभर, दोन तास, काही जण रात्रभर नळाखाली ठेवतात. हायपो एका मर्यादेपर्यंतच निघतो. त्यापुढे पाणी ब्राइटनर काढत बसतं, आणि पाणी जितकं कोमट तितकं लवकर.

नागपुरात हे दुप्पट लागू आहे. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही, आणि आपण त्यात प्रिंट सोडतो. एवढ्या ऊन पाण्यात जिलेटिन फुगतं, इमल्शन नरम पडतं, कडा सुटायला लागतात. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, तर मी दुपारचं धुणं बंदच ठेवतो.

उपाय स्वस्त आहे: थर्मामीटर आणि घड्याळ. फायबरसाठी इलफर्ड कंपनीनं दिलेला क्रम मी वर्षानुवर्षं वापरतोय. १ भाग रॅपिड फिक्सर आणि ४ भाग पाणी, त्यात ६० सेकंद. मग ५ मिनिटं धुणं, १० मिनिटं वॉशएड (हायपो लवकर बाहेर काढणारं द्रावण), परत ५ मिनिटं धुणं. पाणी १८ ते २४ अंशांच्या आत. यामागचं कारण समजून घ्या. फिक्सर कडक आणि वेळ थोडा ठेवला की तो कागदाच्या तंतूंत मुरत नाही. जो मुरलाच नाही तो धुवायला पाणी कमी लागतं. पाणी कमी लागलं की ब्राइटनर वाचतो. जुन्या पद्धतीनं साध्या हायपोत दहा-दहा मिनिटं प्रिंट भिजत ठेवत असाल तर हे वेळापत्रक चालणार नाही. कागदात हायपो खोल गेलेला असतो, त्याला धुणं जास्तच लागतं. आधी फिक्सर बदला, मग घड्याळ.

तयार वॉशएड मिळाला नाही तर सोडियम सल्फाइट २० ग्रॅम प्रति लिटर, दहा मिनिटं. काम चांगलं होतं. नाव नीट वाचून घ्या, सल्फाइड नको.

पाणी थंड ठेवायला मी रात्रीच बादल्या भरून कूलरच्या वाऱ्यात ठेवतो आणि पहाटे पाचला काम सुरू करतो. तरी जास्त वाटलं तर बर्फ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टबात सोडायचा. नळ वाहता ठेवायची गरज नाही. ट्रेमध्ये पाणी भरा, प्रिंट सारख्या वरखाली करा, दर मिनिटाला पाणी ओता, नवं घ्या. प्रिंट चिकटू द्यायच्या नाहीत, एवढं एकच काम हातांना. उन्हाळ्यात पाणीकपातीच्या दिवसांत यातून वाचणारं पाणीही थोडं नसतं. आमच्या वाड्यात तर नळ आला की आधी घरच्यांच्या बादल्या, मग माझा टब.

बोअरचं पाणी असेल तर नळाला कापडी गाळणी बांधा. लोखंडाचे कण बसले तर पिवळे-तपकिरी ठिपके येतात. ते एलईडीखालीही दिसतात, म्हणजे पहिल्याच तपासणीत वेगळे काढता येतात.

मी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः करून बघा. एकाच पेपरच्या पाच कोऱ्या पट्ट्या फिक्स करा. एक पाच मिनिटं, मग पंधरा, तीस, साठ आणि शेवटची रात्रभर धुवा. वाळवून टॉर्चखाली ओळीनं मांडा. एका पेपरमध्ये अर्ध्या तासानंतरच उतार दिसतो, दुसरा तासभर तग धरतो. तुमच्या पेपरचं उत्तर तुमच्या पट्ट्यांवरच मिळेल.

रसायनं

पहिल्या तपासणीत डाग खरा निघाला तरच इथे या. सोडियम सल्फाइडच्या सौम्य द्रावणाचा एक थेंब प्रिंटच्या ओल्या कोऱ्या कडेवर टाका, दोन-तीन मिनिटांनी टिपा. फिकट सायीपेक्षा गडद डाग आला तर चांदीचे क्षार उरलेत, म्हणजे फिक्सर थकलाय. सल्फाइड अ‍ॅसिडजवळ नेऊ नका, त्यातून विषारी वायू निघतो. पेपरच्या डब्याजवळही नको, वाफेनं पेपर फॉग होतो, म्हणजे उजेड न लागताच करडा पडतो. हायपो उरला का हे सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबानं कळतं, पण ते कातडीवर काळे डाग पाडतं आणि डोळ्यांना घातक आहे. सवय नसेल तर जाणकाराकडून करून घ्या. आणि पांढरा पिवळट नसून करडा असेल तर जुना पेपर किंवा सेफलाइट. कोऱ्या पेपरवर नाणं ठेवून तो सेफलाइटखाली ठेवा, मग डेव्हलप करा; नाण्याचा ठसा दिसला तर दोष सेफलाइटचा. दहा मिनिटांचं काम आहे.

कुठे थांबायचं

धुण्यात गेलेला ब्राइटनर परत आणता येत नाही. निगेटिव्ह हातात असेल तर प्रिंट पुन्हा करा. नसेल तर आहे ती प्रिंट तशीच ठेवा, कारण चित्र चांदीचं आहे, ब्राइटनरचं नाही. ते नीट फिक्स आणि नीट धुतलेलं असेल तर पांढरा मवाळ होऊनही पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. प्रिंट टिनोपालच्या पाण्यात बुडवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. ऐकू नका. ते ठिकठिकाणी कमीजास्त बसतं, त्यासोबत इतर काय चिकटलं ते कळत नाही, आणि पुढे कुणी ही प्रिंट तपासेल तेव्हा तिचा पुरावाच खोटा होतो.

पुराव्याची ही गोष्ट मोठी आहे. अमेरिकन छायाचित्रकार लुईस हाइन १९४० मध्ये वारले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या म्हणून विकल्या गेलेल्या प्रिंट अतिनील दिव्याखाली चमकल्या. ब्राइटनर त्यांच्या मृत्यूनंतरचा, म्हणजे त्या प्रिंटही नंतरच्या. तुमच्या घरातला आजी-आजोबांचा १९३८चा लग्नाचा फोटो टॉर्चखाली काळोखा राहिला तर तो बिघाड नाही. तो काळोखाच राहायला हवा.

अशा जुन्या फोटोंपाशी माझं काम संपतं, आणि तुमचंही संपावं. त्याला पाणी लावू नका. त्या काळी स्टुडिओत फोटो हातानं रंगवत, तो रंग पाण्यात जातो. इमल्शनचे पापुद्रे सुटलेत, काळ्या भागावर आरशासारखी चंदेरी झाक आलीय, काचेला फोटो चिकटलाय किंवा बुरशी धरलीय, यातलं काहीही असेल तर फोटो आणि कागदाच्या संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडेच न्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे. लखनौला याच कामासाठी १९७६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. आधी पत्र किंवा ईमेल करा, फोटोचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवा. काचेला चिकटलेला फोटो ओढून सोडवू नका, फ्रेमसकटच न्या. सुटा असेल तर दोन सपाट पुठ्ठ्यांमध्ये, आम्लमुक्त कागदात, गुंडाळी न करता. आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मांडीवर घेऊन बसा.